सासूबाईंची चौथी बुडी

बुडी क्रमांक: चौथी आणि (एकदाची) शेवटची.

कंसातला मजकूर सासूबाईंचा. जावयानं तो वाचला आणि ओल्याच टॉवेलनं पुन्हा तोंड पुसलं.

लोकांना समुद्राखाली श्वास घ्यायला शिकवणं हा त्याचा धंदा. घाबरट, आगाऊ, कानात दडे बसणारे, पाण्यात शिरल्यावर पोहता येत नाही असं सांगणारे, सगळे त्यानं निभावून नेले होते. पण बायकोच्या आईनं चार दिवसांत त्याच्या तोंडाला फेस आणला. सासू जावयाला पाण्यात पाहते म्हणतात. या सासूनं त्यासाठी रीतसर फी भरली होती.

प्रत्येक बुडीनंतर शिकणाऱ्यानं वहीत एक पान भरायचं, शिक्षकानं वाचून खाली सही करायची. चार पानं झाली की वही केंद्राच्या मालकीणबाईंच्या टेबलावर. त्या ओळन् ओळ वाचतात, मग बुडीच्या परवान्याचं कार्ड देतात. उद्या सकाळी सासूबाईंच्या तीन मैत्रिणी मोठ्या बोटीनं बुड्या मारायला निघणार होत्या, आणि कार्डाशिवाय बोटीवर कुणी चढू देत नाही.

हवा: पुरली.

"आई, पुरली म्हणजे किती उरली?"

"जिवंत आहे ना मी? म्हणजे पुरली."

पाण्याचं तापमान: गार. स्वेटर चालत नाही म्हणे.

खोली:

या रकान्यावरून तर रोज भांडण. पहिल्या पानावर तिथं 'भरपूर' होतं. दुसऱ्यावर 'कालच्याइतकी वाटली नाही'. तिसऱ्या दिवशी तो सगळ्यांसमोर ओरडला होता.

"ही नोंदवही आहे आई, रोजनिशी नाही! मनगटावर यंत्र दिलंय, त्यातला आकडा बघा आणि उतरवा. किती खोल, किती वेळ. उद्या तुमचा हात बधिर झाला तर डॉक्टर पहिलं हेच विचारतील. त्यांना 'भरपूर' सांगणार आहात? जे घडलं ते लिहा. तेवढंच लिहा."

"ओरडू नका, जावईबापू. लिहिते."

आणि आज लिहिलं होतं. सुबक अक्षरात.

खोली: २१ मीटर.

त्यानं आकडा पुन्हा वाचला. शिकणाऱ्यांना अठराच्या खाली न्यायचं नसतं. तो स्वतः सतराला थांबला होता.

"हे चुकलंय."

"यंत्रात बघा की. माझ्यावर विश्वास नाही, ठीक आहे, यंत्रावर तरी ठेवा."

त्यानं यंत्र बघितलं. एकवीस.

काय दिसलं: एक मोठं पाकट. चादर झटकावी तसं चाललं होतं. खडकाच्या कडेवरून खाली गेलं म्हणून मीही गेले. परत आले तेव्हा जावईबापू अजून माझ्याबरोबर शिकणाऱ्या इंजिनिअरच्या पायात रबरी पंख घालत होते. त्यांनी अंगठा आणि बोट जोडून 'ठीक?' विचारलं. मीही 'ठीक' केलं.

बाकावर बसून तो ते वाचत होता. त्या इंजिनिअरच्या पायातला रबरी पंख सारखा निसटत होता, हे खरं. त्यानं मान वळवली तेव्हा सासूबाई मागे होत्या, हेही खरं. मधल्या वेळात त्या कडेखाली, एकट्या, त्याच्या नजरेबाहेर होत्या. आणि हे त्याला आत्ता कळत होतं, कोरड्या जमिनीवर, कागदावरून.

"आई, तुम्हाला अक्कल—" त्यानं जीभ चावली. "वर काही झालं असतं तर कुणाला कळलंही नसतं."

"वर नाही, खाली."

"तेच!"

मग त्याला दुसरी गोष्ट आठवली आणि आवाज आपोआप खाली आला. गेल्या महिन्यात मालकीणबाईंनी एका शिक्षकाला याच कारणावरून घरी बसवलं होतं. शिकणारी मुलगी नजरेआड गेली होती, बस.

"असं करू या," तो म्हणाला. "इथं सतरा लिहा. आणि पाकट दिसलं, छान होतं. एवढं पुरे."

सासूबाईंनी चष्म्यावरून पाहिलं. "काल काय म्हणालात?"

"काल वेगळं होतं."

"'भरपूर' लिहिलं तर काल माझा पंचनामा केलात. आज आकडा लिहिला तर तो खोडा म्हणता. तुमच्या घरात माझी मुलगी कशी राहते देव जाणे."

"तुम्हाला उद्या बोट पकडायचीय ना?"

"पकडायचीय. म्हणून तर सही मागतेय. करा."

खोटं तर त्या लिहिणार नाहीत. आणि खरं आहे त्यावर नुसती सही केली, तर एकवीस मीटर त्याला मंजूर. म्हणजे मागून येतीलच या भरवशावर तो उद्या दुसऱ्या कुणालाही असंच नेणार. सासूबाईंच्या ओल्या पांढऱ्या केसांची बट कानामागे अजून चिकटलेली होती. कडेखाली तिकडे चाळीस मीटरपर्यंत उतार आहे. त्यांना ठाऊकही नव्हतं.

शिक्षकाचा शेरा: वरचं खरं आहे. माझं लक्ष नव्हतं. ही बुडी धरू नये.

आणि सही.

सासूबाईंनी वाचलं. "म्हणजे बोट गेली?"

"गेली."

"मग खरं लिहून मी काय मिळवलं?"

वही घेऊन तो मालकीणबाईंच्या खोलीत गेला. मागोमाग सासूबाई, फरशीवर पाण्याचे ठसे उमटवत.

मालकीणबाईंनी चारही पानं वाचली. 'स्वेटर'पाशी थोडा वेळ थांबल्या. मग जावयाकडे बघितलं.

"महिनाभर पाण्यात उतरायचं नाही. हवेच्या टाक्या भर, सूट धू. पुन्हा असं झालं तर वहीही आणू नकोस, सरळ घरी जा."

"आणि माझं काय?" सासूबाई उसळल्या. "यांचं लक्ष नव्हतं, शिक्षा मला? मैत्रिणी निघाल्या तिकडे!"

"बाई, तुम्ही मासा बघून दरीत उतरलात."

"मग इथं काय बघायला येतात लोक?"

मालकीणबाईंनी डोळे मिटले, उघडले. "उद्या सकाळी चौथी बुडी पुन्हा. माझ्याबरोबर."

दुसऱ्या दिवशी जावई मागच्या अंगणात टाक्या भरत होता. मैत्रिणींची बोट केव्हाच गेली होती. टाकी बदलायला त्यानं हवा भरायचं यंत्र बंद केलं, तेव्हा खिडकीतून मालकीणबाईंचा आवाज आला. चढा, आणि थोडा रडवेला.

"बाई, 'वेळ' म्हणजे पाण्याखाली किती मिनिटं होतो ते. माझी चिडचिड कधी सुरू झाली ते नव्हे!"

जावयानं पुढची टाकी लावली.