बंबवालीची जागची सायकल

मित्रांनो, मी एक जुनी, जागची न हलणारी सायकल आहे. मला एकच चाक, आणि तेही जमिनीला टेकत नाही. लोकांनी मला बारा वर्षं जीव तोडून चालवलं, पण मी या कोपऱ्यातून त्या कोपऱ्यात गेले ती फक्त केर काढताना. हसा खुशाल! मला मात्र आज हसू येत नाही. तेव्हा जे ओरडून सांगता आलं नाही, ते सांगितल्याशिवाय आता माझ्याच्याने राहवत नाही.

एका कारखान्यात वेल्डरने माझा सांगाडा जोडला आणि हँडलखाली एक गोल खुंटी बसवली. ती उजवीकडे पिळली की पायडल जड होतं, डावीकडे पिळली की हलकं. माझी अक्कल एवढीच. मी काही वर्षं एका व्यायामशाळेत घाम पुसून घेतला. मग माझ्यापेक्षा चकचकीत सायकली आल्या, आणि चष्म्याच्या दुकानात काम करणाऱ्या एका माणसाने मला घरी आणलं, आपल्या बायकोसाठी. ती अग्निशमन दलात होती. पाण्याचा जड पाइप खांद्यावर घेऊन उंच शिडीवर चढायची. गल्लीतली मुलं तिला बंबवाली म्हणायची आणि तिला ते फार आवडायचं.

मूल हवं असं ठरलं, तेव्हापासून ती रोज अर्धा तास माझ्यावर बसू लागली. दिवस गेल्यावर तिने आधी डॉक्टरीणबाईंना विचारलं. बाई म्हणाल्या, "चालवा की. पण चालवताना गप्पा मारता आल्या पाहिजेत. बोलताना धाप लागली, तर जास्त झालं समजा. पाणी पीत जा, खोलीत वारा असू द्या. चक्कर आली, पोटात दुखलं, रक्त दिसलं, की उतरायचं आणि तडक माझ्याकडे यायचं."

तिच्या सासूबाईंनी हे इतकं मनावर घेतलं म्हणता! त्या मटार सोलत माझ्यासमोर बसायच्या आणि सुनेची उलटतपासणी घ्यायच्या.

"तुझ्या मावशीचं लग्न कसं मोडलं, ते सांग बरं."

"अहो आई, ते कालच सांगितलं ना!"

"मग आज पुन्हा सांग. मला काय, मटार आहेतच."

वाक्य मध्येच तुटलं की त्या हात वर करायच्या. "उतर! बास झालं!" पोट वाढलं तसं हँडल वर गेलं, खुंटी डावीकडे वळत गेली. ते माझ्या आयुष्यातले सोन्याचे दिवस होते.

मुलगी झाली ती सिझेरियनने. डॉक्टरीणबाईंनी बजावलं, "आता घरातल्या घरात चाला, श्वासाचे व्यायाम करा. मी तपासून हो म्हणेपर्यंत सायकल नाही."

आणि मग दलातून पत्र आलं. बाळ नऊ आठवड्यांचं होईल त्या दिवशी शिडीची चाचणी. नापास झालं, तर शिडीवरची जागा दुसऱ्याला आणि हिला फोनजवळची खुर्ची.

"साहेबांकडे मुदत मागू," नवरा म्हणाला.

"मुदत मागणारीला उद्या शिडीवर कोण घेईल? आमच्यात दुखतंय असं कुणी म्हणत नाही. धुरात शिरल्यावर म्हणून चालतं का?"

मित्रांनो, इथेच तिचं चुकलं. आगीत जी सवय माणसं वाचवते, तीच ती बाळंतिणीच्या खोलीत घेऊन आली.

तिसऱ्या आठवड्यात, सासूबाई बाळाला अंघोळ घालायला गेल्या की ती दाराला कडी लावून माझ्यावर चढू लागली. समोर मटार नाहीत, मावशी नाही, बोलायला कुणीच नाही. पहिल्या दिवशी दहा मिनिटं, चौथ्या दिवशी वीस. खुंटी उजवीकडे, आणखी उजवीकडे. एक हात टाक्यांवर दाबलेला असायचा. कमी होत आलेलं रक्त पुन्हा वाढलं, ते तिने कपड्यांच्या ढिगाखाली लपवलं. अंगात कणकण होती, ती तिने कामाच्या थकव्यावर ढकलली.

अगं उतर! उतर गं बाई! मी मनातल्या मनात किती आक्रोश केला! माझा पट्टा का तुटला नाही? माझं पायडल का निखळलं नाही? बारा वर्षांत शंभर वेळा कुरकुरलेली मी, त्या आठवड्यात मेली कशी तेलपाणी केल्यासारखी गुळगुळीत फिरत राहिले. स्वतःची इतकी चीड मला कधीच आली नव्हती.

सहाव्या दिवशी ती माझ्यावरून खाली कोसळली. बाळ पलीकडे रडत होतं. सासूबाईंनी दार बडवलं, शेवटी नवऱ्याने कडी उचकटली. जमिनीवर रक्त होतं. त्याने तिला उचललं आणि दवाखान्यात नेलं. घर रिकामं झालं. अकरा दिवस मला काही कळलं नाही.

ती वाचली. टाके एका बाजूने उकलले होते, आत जखम चिघळली होती, रक्त चढवावं लागलं. घरी आल्यावर सासूबाई रडत म्हणाल्या, "अगं, दुखत होतं तर सांगायचं नाहीस का? ही काय तुझी शिडी आहे? घर आहे!" चाचणीची तारीख गेली, शिडीवरची जागाही गेली. नवऱ्याने संतापून माझी दोन्ही पायडलं काढून फेकली. मला वाईट वाटलं नाही.

परवा दलातलीच एक तरुण पोरगी आली. पाच आठवड्यांची बाळंतीण, चेहरा ओढलेला. "ताई, तुमची सायकल द्या ना. पायडलं मी बसवून घेईन. माझी चाचणी जवळ आलीय."

"रक्त थांबलं का तुझं?" बंबवालीने विचारलं.

"थोडं जातं अजून. चालतं तेवढं."

"दुखतं का?"

पोरगी हसली. "आपल्यात कुणी दुखतंय म्हणतं का, ताई?"

बंबवाली उठली आणि तिच्या समोर जाऊन उभी राहिली. "मी म्हणते. मला अजून दुखतं. वाकताना दुखतं, लेकीला उचलताना दुखतं. माझी जागा गेली आणि तेही दुखतं. आता तू सांग."

पोरीने पोटावर हात ठेवला. "दुखतं हो, ताई," ती म्हणाली आणि हमसून हमसून रडायला लागली. बंबवालीने चपला घातल्या आणि तिला तशीच डॉक्टरीणबाईंकडे घेऊन गेली. बाळंतिणीची चाचणी पुढे ढकला, हे म्हणणं साहेबांपुढे दोघी मिळून मांडणार आहेत. साहेब ऐकतील की नाही, देव जाणे.

मित्रांनो, मी लोखंडाची. मला थांब म्हणता येत नाही. पण तुम्हाला तोंड आहे. तुमच्या घरात कुणी नुकतीच आई झाली असेल, तर तिला विचारा, दुखतंय का? ती नाही म्हणाली तरी लगेच उठू नका. पुन्हा विचारा.