दुबार पेरणीची तूर

धुळ्यापासून तासाभरावरच्या त्या गावात अभिमनला सगळे प्रगतशील शेतकरी म्हणत. त्याने शेतीत नक्की कोणती प्रगती केली, हे कुणी विचारत नसे. पारावर बसून तो मोबाइलवरचा पावसाचा अंदाज मोठ्याने वाचून दाखवायचा, आणि अंदाज चुकला की "मला वाटलंच होतं" म्हणायचा. सुनंदाबाईंना तो माणूस मनापासून क्षुद्र वाटायचा. त्या दोघांची वावरं एका बांधाला लागून होती, त्यामुळे त्याला टाळणंही जमत नसे. नवरा सुरतेला कारखान्यात, मुली सासरी. शेती सुनंदाबाई एकट्याच बघत.

त्या वर्षी जूनमध्ये पाऊस झाला आणि गावाने तूर पेरली. मग जुलैभर आभाळ नुसतं भरून यायचं आणि तसंच निघून जायचं. सुनंदाबाईंचं रान मुरमाड. उगवलेली रोपं बघता बघता करपली. अभिमनच्या काळ्या जमिनीत ओल टिकली. बांधावर उभं राहून तो म्हणाला, "अक्का, पेरायला नुसते हात पुरत नाहीत, डोकं लागतं."

जुलै सरता सरता पाऊस परत आला, तेव्हा सुनंदाबाईंनी पुन्हा बी आणलं आणि पुन्हा पेरलं.

दिवाळीनंतर अभिमनची तूर पिवळीधमक फुलली. आणि नको तेव्हा, ऐन नोव्हेंबरात, पाऊस कोसळला. त्यामागून ढग आणि सकाळची धुई, दाट धुकं. फुलं गळून पडली, उरलेल्या शेंगांत अळी शिरली. असला पाऊस पूर्वी कधीतरी यायचा, आता दर एक-दोन वर्षांनी ठेवलेलाच. सुनंदाबाईंच्या उशिराच्या तुरीला तेव्हा कळीसुद्धा धरली नव्हती. ती नंतर फुलली, कोरड्या थंडीत, आणि शेंगांनी वाकली.

त्याच सुमारास धुळ्याच्या एका संस्थेने अभिमनला कडधान्यासाठी पुरस्कार द्यायचं ठरवलं. संस्थेची माणसं शेत बघायला येणार होती. अभिमन सुनंदाबाईंच्या दारात आला.

"अक्का, तुमच्या वावरात चार फोटो काढतील. बाकी काही नाही."

"काढू देत की," सुनंदाबाई म्हणाल्या. हा माणूस किती खाली जातो, ते त्यांना बघायचं होतं.

जीप आली. सुनंदाबाई कडेच्या ओळीत शेंगा तोडत होत्या. अभिमनने साहेबांना तूर दाखवली, हात फिरवत माहिती दिली आणि सुनंदाबाईंकडे बोट करून म्हणाला, "या आमच्याकडे कामाला असतात."

सुनंदाबाई उठल्या. पदराला हात पुसले आणि तूर आपली असल्याचं थेट अहिराणीत सांगितलं.

"साहेब, हाई तूर मनी शे. यानं वावर बांधना पलीकडे शे. चला, दखाडस."

त्या पुढे निघाल्या, तशी साहेबांना मागून जावंच लागलं. बांधापलीकडे नुसत्या काड्या उभ्या होत्या. साहेबांनी अभिमनकडे पाहिलं, मग सुनंदाबाईंकडे.

"बाई, मग तुमची कशी वाचली? काय तंत्र वापरलं?"

"तंत्र कसलं? पहिली पेरणी मेली. दुसऱ्यांदा पेरलं म्हणून फूल उशिरा आलं. तोवर पाऊस येऊन गेला होता. पुढच्या वर्षी उलटंही होईल."

साहेबांचा चेहरा पडला. एवढ्यात अभिमन पुढे सरकला. "तेच सांगतोय, साहेब! उशिरा पेरणी. बदलत्या हवामानाला हेच उत्तर. अक्कांना मीच सुचवलं होतं."

साहेबांना हायसं वाटलं. त्यांनी मान डोलावली. सुनंदाबाईंना दोघांचीही किळस आली. त्या वळल्या आणि पुन्हा शेंगा तोडायला बसल्या.

पुरस्कार अभिमनलाच मिळाला. पेपरात त्याचा हार घातलेला फोटो आला. उशिराच्या पेरणीला गावात आता सगळे 'अभिमन पॅटर्न' म्हणू लागले, आणि जूनमध्ये पेरू नका, थांबा, असं अभिमन पारावरून सांगू लागला. पुढच्या जूनमध्ये चांगला पाऊस झाला, तरी कितीतरी जणांनी पेरणीची तिफण काढली नाही. शेजारचा चिंधा, दोन लेकरांचा बाप, जमिनीत वाफसा, पेरणीजोगी ओल असूनही थांबून राहिला.

"अरे, माझी रोपं मेली होती म्हणून मी उशिरा पेरलं," सुनंदाबाई त्याला म्हणाल्या. "हौसेने नाही."

चिंधा हसला. "अक्का, पुरस्कार तुम्हाला मिळाला नाही, म्हणून बोलता तुम्ही."

हे त्यांना लागलं. पुन्हा त्या त्याला काही सांगायला गेल्या नाहीत. स्वतः मात्र अर्धं रान जूनमध्ये पेरलं आणि अर्धं मागे ठेवलं.

त्या वर्षी सप्टेंबरच्या सुरुवातीलाच पाऊस गेला तो गेलाच. ऑक्टोबरात ऊन चैत्रासारखं तापलं. उशिराची तूर गुडघ्याएवढी होऊन जागच्या जागी वाळली; चिंधाची सगळी, सुनंदाबाईंची अर्धी.

पारावर माणसं जमली. अभिमन गंभीर चेहऱ्याने म्हणाला, "हवामानच इतकं बदललं, त्याला पॅटर्न तरी काय करणार?"

सुनंदाबाई रस्त्याने चालल्या होत्या. त्या थांबल्या.

"अभिमनभाऊ, नाल्याकडच्या वावरात तुमची तूर उभी आहे. शेंगा भरल्यात. ती कधी पेरली?"

अभिमनने घसा खाकरला. "ती... ती प्रयोगासाठी."

"जूनमध्ये पेरली. गावाला थांबायला सांगून."

चिंधा जमिनीकडे बघत राहिला. कुणीतरी उठेल, निदान एक शिवी तरी देईल, असं सुनंदाबाईंना वाटलं. तेवढ्यात एक म्हातारा हळूच म्हणाला, "भाऊ, मग पुढच्या वर्षी कधी पेरायचं?"

अभिमन सावरून बसला आणि सांगू लागला. सुनंदाबाई तिथे थांबल्या नाहीत.

दुसऱ्या दिवशी चिंधा त्यांच्या दारात आला. वर बघत नव्हता. पुढच्या पेरणीसाठी बियाण्यापुरती तूर हवी होती. सुनंदाबाईंनी त्याला पायलीभर मोजून दिली.

"सगळं एकदम पेरू नको. अर्धं आधी, अर्धं नंतर. काही तरी हाती लागेल, काही जाईल. यापलीकडे मला काही कळत नाही."

"हो, अक्का."

तो पिशवी घेऊन निघाला. दारातून दिसणाऱ्या पारावर अभिमन बसला होता. चिंधा थांबला, पिशवी काखेत धरून त्याने अभिमनभाऊला हात जोडले आणि मग पुढे गेला.

सुनंदाबाईंनी दार लावून घेतलं.