येळवसला जोडून रजा

मला एक सकाळ हवी होती. जिच्यात नवराही घरात असेल, मीही असेन आणि दोघांपैकी कुणालाच कुठं जायचं नसेल. यात काय मोठं मागितलं? पण लग्नानंतर श्रावण गेला, दसरा गेला, दिवाळी गेली, ती सकाळ काही हाती लागली नाही.

मी धाराशिवला सरकारी कचेरीत, मला शनिवार-रविवार मोकळा. विरेश पुण्याजवळच्या कारखान्यात, त्याला सुट्टी गुरुवारची. तो माझ्या खोलीवर यायचा तेव्हा मी डबा भरून पळत असायची. मी पुण्याला जायची तेव्हा तो पहिल्या पाळीला निघायचा. एकानं अंधारात उठायचं आणि दुसऱ्यानं झोपेचं सोंग घेऊन त्याचं जाणं सोपं करायचं, असा आमचा संसार.

मग मी कॅलेंडरच्या मागं लागले. कचेरीत सगळेच यात तरबेज. सुट्टीला रजेचं ठिगळ लावून लोक तिरुपती करून येतात. मला तिरुपती नको होतं. खिडकीतलं ऊन हळूहळू पलंगावर येईल, चहा निवून जाईल, विरेश काहीतरी बडबडेल आणि मी अर्धवट झोपेत नुसतं 'हं' म्हणेन. टपालाचा ढीग समोर ठेवून मी उघड्या डोळ्यांनी हेच बघत बसायची. साहेब दोनदा हाक मारायचे तेव्हा कुठं ऐकू यायचं.

अशातच मला येळवस दिसली. मार्गशीर्षातल्या त्या अमावस्येला आमच्याकडं गावंच्या गावं ओस पडतात. सगळे शेतात. कडब्याच्या खोपीत पूजा, मग शेंगा-पालेभाज्यांची भज्जी, आंबील आणि आल्यागेल्याला आग्रहानं जेवण. जिल्ह्यापुरती सुट्टी असते, पुण्याला तिचा पत्ताही नसतो. यंदा ती शुक्रवारी आली होती. विरेशनं गुरुवारला जोडून दोन रजा टाकल्या की काम फत्ते.

"अन् अव्वा शेतात बोलावील त्याचं काय?" विरेशनं फोनवर विचारलं. अव्वा म्हणजे त्याची आई.

"ते माझ्यावर सोड."

सास्तूरला सासरी मी कळवलं, यांना रजा नाही, मी माहेरी जाते. उमरग्याला माहेरी कळवलं, मी सासरी जाते. दोन्हीकडून शाबासकी मिळाली, गुणाची पोर म्हणून.

शुक्रवारी जाग आली तेव्हा विरेश शेजारी होता. गल्लीत चिटपाखरू नव्हतं. ना पाण्याचा टँकर, ना शाळेची रिक्षा. सगळं शहर पायांत चपला घालून गुपचूप कुठंतरी निघून गेलं होतं आणि आम्हाला तेवढं विसरलं होतं. पडद्यातून ऊन आलं. ते अगदी मनात होतं तसंच सरकत होतं आणि मला हलावंसंही वाटेना. विरेश म्हणाला, "शिवानी, आज कुठला वार?" मी "हं" म्हणाले.

तेवढ्यात दार वाजलं.

दारात मामा, म्हणजे माझे सासरे महालिंगप्पा. कानाला मफलर, डोळ्यांत गाडीवरच्या थंडीचं पाणी.

"हायस का गं पोरी? बरी हायस न्हवं?" त्यांनी मला डोक्यापासून पायापर्यंत बघितलं. "तुझ्या वडिलांचा फोन आला, लेकीला घिऊन समदेच आमच्या शेताला या म्हून. म्या म्हनलं, लेक तर तुमच्यात हाय! तुझा फोन बी लागंना. जीव थाऱ्यावर राह्यला न्हाय बघ."

येळवसला ज्याला त्याला जेवायला बोलावतात, हे या मातीत वाढलेली मीच विसरले होते! मांजर डोळे मिटून दूध पितं, त्यातली गत. त्यात मागून विरेश घोंगडं पांघरून आला.

"तुला तर रजा न्हवती," मामा त्याला म्हणाले.

"जोडून घेतली, अप्पा."

मला शरमेनं मेल्याहून मेल्यासारखं झालं. पण आता लपवण्यात अर्थ नव्हता. "आम्हाला एक सकाळ पाहिजे होती, मामा. दोघं घरात असलेली."

आता तोफ सुटणार म्हणून मी खाली बघत राहिले. मामांनी कानावरचा मफलर सोडला.

"तुझी सासू रोज माझ्या आदुगर उठती," ते म्हणाले. "बाळंतपनं सोडली तर म्या तिला दिवस उगवल्यावर निजलेली बघितली न्हाय. जनावरांना कसं सांगावं, आज सुट्टी हाय म्हून?"

मग बाहेर जाऊन त्यांनी फोन लावला. "सापडली. व्हय, विरेश बी हाय. दुपारच्याला येत्यात. उमरग्याला बी सांग. तू काय बोलू नगंस पोरीला." आणि चहासुद्धा न घेता गेले.

ऊन अजून पलंगावर होतं. आम्ही मात्र काठावर नुसते बसून राहिलो.

"उद्याची सकाळ आहे ना अजून," विरेश म्हणाला.

"ती देऊन टाकू या," मी म्हणाले आणि मला रडू आलं. किती महिन्यांनी जुळवली होती!

दुपारी शेतात सासूबाईंनी, मल्लम्मांनी, पोटभर जेवू घातलं आणि मग सुनावलं, "खोटं बोलायचं तर नीट बोलावं, पोरी. लई कच्ची हायस."

रात्री आम्ही सास्तूरलाच राहिलो. शनिवारी अंधारातच दोघं गोठ्यात गेलो. सासूबाई नेहमीसारख्या बादली घेऊन आल्या. मी बादली काढून घेतली.

"आज तुमची रजा, आत्याबाई."

"आता गं बया! म्हस लाथ मारंल."

"मारू दे. तुम्ही निजा."

पुटपुटत त्या आत गेल्या. आता परत येतील, मग येतील, असं मला वाटत होतं, पण दार लागलं ते लागलंच. विरेश धार काढायला बसला, मी रेडकाला धरून उभी राहिले. ज्वारीच्या रानावर धुकं होतं, मग ते पिवळं झालं, मग उन्हं अंगणात आली. घरातून मामांचं हळू बोलणं ऐकू येत होतं. शब्द कळत नव्हते. मग सासूबाई हसल्या, एखादी पोरगी तोंडावर पदर धरून हसते तशा.

विरेशचा हात थांबला. "अव्वा हाय का ती?" त्यानं विचारलं.

म्हैस पाय आपटायला लागली, तरी आम्ही दोघं घराच्या दाराकडं तसेच बघत राहिलो.