पाचवा ठिपका

"चारच आहेत," पाहुण्या मॅडम म्हणाल्या. "चार ठिपके, म्हणजे तीन पीळ. लिहून घ्या."

अंधाऱ्या प्रयोगशाळेत पडद्यावर तांबड्या ठिपक्यांचा त्रिकोण उमटला होता. स्क्रूसारखा पीळ घेत जाणारा प्रकाश तिकोनी भोकातून सोडायचा, पलीकडच्या त्रिकोणाच्या एका बाजूचे ठिपके मोजायचे आणि त्यातून एक वजा करायचा, की पीळ किती ते कळतं. ब्लेडच्या तीन पात्यांच्या धारा जुळवून ते भोक प्रयोगशाळा सांभाळणाऱ्या मावशींनी केलं होतं. लेन्स पुसण्यापासून सुरुवात करून इथं त्यांना एकतीस वर्षं झाली होती.

पाहुण्या मॅडम त्यांची पाठची बहीण, हे इथं कुणालाच ठाऊक नव्हतं. वडील गेल्यावर कॉलेज सोडून मावशींनी ही नोकरी धरली आणि धाकटीला शिकवलं. पुढे आईच्या शेवटच्या दुखण्यात धाकटी परदेशातून वेळेवर पोचली नाही. तेव्हा मावशी दारातच म्हणाल्या होत्या, "आता कशाला आलीस? आई गेली, तुझं माहेर संपलं."

त्याला आठ वर्षं झाली. ते शब्द परत घ्यायला मावशींनी कितीदा तरी फोन उचलला आणि तसाच ठेवून दिला. काल धाकटी आली, ती 'अहो-जाहो' करतच.

"मॅडम, झोत भोकाच्या मधोमध नाहीये," मावशी म्हणाल्या. "कोपऱ्यातला एक ठिपका हरवलाय."

"संध्याकाळी पेपर पाठवायचाय हो मला."

"म्हणूनच सांगतेय."

श्वास रोखून मावशींनी भोक सरकवायचा स्क्रू केसभर फिरवला. कोपऱ्यात काहीतरी फिकट उजळलं.

"ताई, थांब! हलवू नकोस!"

धाकटी पडद्याकडे धावली. बोट ठेवत तिनं पाच मोजले, पुन्हा मोजले. "चार पीळ! सगळंच चुकलं असतं."

मावशींचा हात स्क्रूवरच राहिला. सोडायला हरकत नव्हती, तरी.

दिवे लागले. सामान आवरून धाकटी दाराशी घुटमळली. "हात अजून कापत नाहीत तुमचे."

"सवय. आजचा दिवस राहिला असतात तर..."

"तिकीट काढलंय." मग हळूच, "येते."

ती गेल्यावर एका विद्यार्थिनीनं विचारलं, "मावशी, मॅडम तुम्हाला ताई म्हणाल्या?"

"घाईत काहीही येतं गं माणसाच्या तोंडात."

खिडकीचा काळा पडदा बोटभर सारून गाडी फाटकाबाहेर पडेपर्यंत मावशी उभ्या राहिल्या. मग त्यांनी तो नीट ओढून घेतला, कुठूनही उजेड येऊ नये असा.