सरकती पट्टी

माझं माप चुकत नाही. हे मी फुशारकीनं सांगत नाही. बरं, थोडं फुशारकीनंच सांगते. लहान खोल्यांमध्ये भिंतीतली कपाटं करून देणं हा माझा धंदा आहे, आणि लहान खोलीत बोटभर जरी चुकलं तरी दार पलंगाला अडकतं आणि गिऱ्हाईक जन्मभर माझा उद्धार करत बसतं. म्हणून मी एक पद्धत ठेवली आहे. कागदावर रेघ ओढण्याआधी, कपाट जिथवर पुढे येणार तिथे जमिनीवर पांढरी चिकटपट्टी लावायची आणि घरच्यांना सांगायचं, आता काही दिवस या पट्टीपलीकडे पाय टाकायचा नाही. पलीकडे कपाट उभं आहे असं समजून वागायचं.

लोक माना डोलावतात आणि मग लबाड्या करतात. एका घरातला नवरा रोज सकाळी कपाटातून आरपार चालत जाऊन खिडकी उघडायचा. एका आजींनी पट्टीपलीकडे खुशाल खुर्ची टाकली होती, का तर उजेड तिथेच चांगला येतो. मला हे सगळं बघायला फार आवडतं. दुसऱ्यांच्या घरात नाक खुपसायची हौस मला पहिल्यापासूनच आहे. धंद्यानं तिला नुसती सोय करून दिली.

पण बाइंडरकाकांच्या घरात वेगळंच झालं. तिथे पट्टी कुणी ओलांडली नाही. पट्टीच चालायला लागली.

काकांचं पुस्तकबांधणीचं दुकान होतं, आता बंद झालंय. मुलाचं लग्न झालं म्हणून काका-काकूंनी मोठी खोली मुला-सुनेला दिली आणि स्वतः लहान खोलीत जायचं ठरवलं. खोली कसली, पलंग ठेवल्यावर माणसानं अंग तिरकं करून चालावं इतकीच. त्यात दोघांच्या उभ्या संसाराचे कपडे, अंथरुणं, बॅगा बसवायच्या होत्या.

“भिंतीपासून भिंतीपर्यंत घ्या,” काका पहिल्याच दिवशी म्हणाले. “एक इंचसुद्धा फुकट जाता कामा नये.”

“वर छतापर्यंत नेऊ?” मी विचारलं.

“वर नको. वरचं काढणार कोण?”

हे बोलून ते खिडकीबाहेर बघायला लागले. काकू हळूच म्हणाल्या, “आमची शिडी काढायची.”

मला वाटलं, लाकडी शिडी मोडली असेल. पण शिडी म्हणजे त्यांची मुलगी. बापासारखीच उंच, लहानपणापासून माळ्यावरचं सामान तीच काढून द्यायची, म्हणून काकांनीच हे नाव ठेवलं होतं. ही खोली तिची होती.

“अहो, ती आली तर झोपेल कुठे?” काकूंनी विचारलं.

“येणार असेल तर झोपेल हॉलमध्ये,” काका म्हणाले. “येतेय कशाला?”

नंतर स्वयंपाकघरात चहा ओतता ओतता काकूंनी मला सगळं सांगितलं. बापलेक दुकानात बरोबर काम करायचे. एकदा चार पाहुण्यांसमोर ती म्हणाली, बाबा, आता हे दुकान चालायचं नाही, वेळेवर बंद करा. तिचं खरं ठरलं, आणि तेच यांना जास्त झोंबलं. रागाच्या भरात म्हणून बसले, जा, या घरात तुझं आता काही उरलं नाही. ती गेली, दुसऱ्या गावी नोकरीला लागली. आईला फोन करते. बापाचं नाव काढत नाही, आणि बापही तिचं काढत नाही.

“आता ही खोलीसुद्धा गेली की ह्यांचा शब्द खराच झाला म्हणायचा,” काकू म्हणाल्या आणि पदरानं डोळे पुसायला लागल्या. मला गलबलून आलं. पण मी कपाटवाली, मी काय करणार? पट्टी लावली आणि निघाले.

काही दिवसांनी गेले तर पट्टी चार बोटं मागे. म्हणजे कपाट चार बोटांनी उथळ झालेलं. आता कपाटाची खोली दोन फूट लागते ती माझ्या हट्टापायी नव्हे. हँगरला खांदे असतात. ते आत मावले नाहीत तर दार लागत नाही. मी पट्टी उचलून जागेवर लावली. पुढच्या वेळी गेले तर ती आणखी मागे, जवळजवळ वीतभर.

“पट्टीला हात कोणी लावला?” मी हॉलमध्ये सर्वांसमोर विचारलं. जरा चढ्या आवाजातच.

मुलगा-सून एकमेकांकडे बघायला लागले. काकांनी कानावर हात ठेवले. “मी कशाला लावू? मला कपाट हवंय, मोठं हवंय.”

मी काकूंना बाजूला घेतलं. “काकू, मला सांगा, मी कुणाला बोलणार नाही. लेकीसाठी जागा करताय ना?”

“देवाशपथ मी नाही हो,” काकू म्हणाल्या. “मला वाटलं तुम्हीच करताय. म्हटलं, बाई भली दिसतेय, मला न विचारता लेकीची सोय लावतेय.”

आता आली का पंचाईत! मी परत खोलीत जाऊन गुडघ्यांवर बसले आणि पट्टी नीट बघितली. माझी पट्टी मी दातांनी तोडते, टोकं ओबडधोबड असतात. ही पट्टी नवी होती. भिंतीजवळ वळण घेताना दोन तुकडे तिरके कापून असे जोडले होते की सांधा नखाला लागत नव्हता. बाहेर पडताना हॉलमधल्या फळीवर काकांनी बांधलेली जाडजूड पुस्तकं दिसली. पुठ्ठ्याच्या कोपऱ्यावर कापड तस्संच तिरकं कापून जोडलेलं.

त्या माणसानं तर एक इंच फुकट घालवायचा नाही म्हणून मला दम दिला होता. मग स्वतःच हे का करावं? मला घरी चैन पडेना. दुसऱ्या दिवशी दुपारीच, न कळवता, त्यांच्या दारात हजर झाले.

“हे जरा पडलेत,” काकू म्हणाल्या. “बसा, पाणी आणते.” त्या आत वळल्या तशी मी सरळ लहान खोलीकडे गेले. झोपलेल्या माणसाच्या खोलीत डोकावणं बरं नव्हे, मला कळतं. तरी डोकावले.

काका पलंगावर नव्हते. पलंग आणि पट्टी यांच्यामधल्या चिंचोळ्या जागेत, पातळ गादीवर, कुशीवर वळून, गुडघे पोटाशी घेऊन पडले होते. एवढा उंच माणूस मुटकुळं करून! त्यांचे गुडघे पट्टीपलीकडे गेले होते आणि हातात चिकटपट्टीची रीळ होती.

“काका, बरं नाही का?”

ते दचकले. “दार लोटा आधी.”

मी लोटलं. “काय करताय?”

“माप घेतोय.”

“झोपून?”

“मग झोपायच्या जागेचं माप काय उभं राहून घेतात?” ते खेकसले. मग आवाज उतरला. “पहिल्यांदा गादीपुरती सरकवली होती. मग आठवलं, ती सरळ कुठे झोपते? कुशीवर वळते आणि गुडघे असे घेते. इतकीशी होती तेव्हापासून. अंगानं माझ्यावरच गेलीय, म्हणून स्वतःच झोपून बघितलं. हे गुडघे आडवे येतात बघा.” त्यांनी स्वतःच्याच गुडघ्यावर चापट मारली.

“मग तुम्ही सांगायचंत ना मला!”

“कोणत्या तोंडानं सांगू? हॉलमध्ये झोपेल म्हणालो ना सगळ्यांच्या देखत. आणि तिला...” ते थांबले. “तिला मी काय म्हणालो ते तुम्हाला हिनं सांगितलंच असेल. हिच्या पोटात काही राहत नाही.”

मला त्यांचा रागही आला आणि कीवही. मुलीला एक फोन करायचा सोडून म्हातारा दुपारभर जमिनीवर मुटकुळं करून पडतो, याला काय म्हणावं? पण हँगरचं मी काय करणार होते? पट्टी आणखी मागे गेली तर ते कपाट नव्हे, भिंतीला लावलेली फळी झाली असती.

“सरका जरा,” मी म्हटलं, आणि पट्टीपलीकडे, म्हणजे कपाटाच्या आत, जमिनीवर आडवी झाले. इतक्या घरांत मापं घेतली, पण झोपून कधी बघितलं नव्हतं. खालून सगळं निराळंच दिसतं. काकांचे गुडघे माझ्या नाकासमोर होते, जमिनीपासून जेमतेम वीतभर उंच. त्यांच्या वरची सगळी जागा मोकळी होती.

“काका,” मी म्हटलं, “कपाट जमिनीला टेकायलाच हवं असं कुणी सांगितलंय?”

मी हातानं दाखवलं. कपाट भिंतीला पक्कं धरायचं, खाली हातभर जागा मोकळी सोडायची. गुडघे त्याखाली जातील. वर कपाटाला दोन फूट खोली हवी तशी मिळेल.

तेवढ्यात काकू पाण्याचा तांब्या घेऊन आत आल्या आणि जागच्या जागी उभ्या राहिल्या. “अगं बाई! काय झालं? काय शोधताय?”

“ह्यांच्या कानातलं पडलं,” काका तत्काळ म्हणाले.

मी कानात काही घालत नाही. काकूंनी माझ्या मोकळ्या कानांकडे बघितलं, मग गादीकडे, मग नवऱ्याच्या हातातल्या रिळाकडे. मग तांब्या पलंगावर ठेवला.

“सापडेल हो,” त्या म्हणाल्या. “शोधा सावकाश.” आणि जाताना दार लावून घेतलं.

मी निघताना काकांनी मला जिन्यापर्यंत येऊन गाठलं. “खालची जागा गेली ना, मग वर छतापर्यंत न्या.”

“वरचं काढणार कोण?”

“न्या म्हटलं ना,” ते म्हणाले आणि माघारी वळले.

कपाट बसवताना सुतारानं माझं डोकं खाल्लं. “बाई, खाली एवढी जागा सोडून काय मांजरं पाळायचीत?” सूनबाईला वाटलं, काम अर्धवट राहिलंय. काका सगळ्यांत मिसळून कुरकुरत होते. काकू तेवढ्या हसत होत्या, आणि का हसता असं विचारलं की कपडे घडी करायला लागायच्या.

पुढे बरेच दिवस काही कळलं नाही. काकांनी फोन केला का, ती आली का, विचारायचं सतरांदा मनात आलं. पण कपाटाशिवाय त्या घरात माझं काय नातं होतं? गप्प बसले. गप्प बसणं माझ्या जिवावर येतं.

मग एका सकाळी फोन आला. ओळखीचा नंबर, अनोळखी आवाज.

“तुम्हीच ना त्या कपाटवाल्या? मी बाइंडरकाकांची मुलगी. आईनं फारच लावून धरलं म्हणून काल आले.”

“बोला ना.”

“खोलीतच झोपले. कुशीवर वळले तर गुडघे अलगद कपाटाखाली गेले. म्हणून सकाळी बाबांना विचारलं, खाली एवढी जागा का सोडली?”

“मग?”

“म्हणाले, त्या बाईचं माप चुकलं.”

मी ताडकन उठून उभी राहिले. माझं माप! म्हाताऱ्यानं खुशाल माझ्यावर ढकललं होतं. माझ्या जिभेवर सगळं आलं होतं, गादी, रीळ, तिरका कोपरा, सगळं.

“खरंच चुकलं का हो?” तिनं विचारलं.

तिला काय हवं होतं ते मला कळत होतं. पण ते माझ्या तोंडून ऐकून काय उपयोग? ते ज्याचं त्यानं सांगायचं होतं, आणि तो माणूस त्याच घरात होता.

“हो,” मी म्हटलं. “चुकलंच ते. मी दुरुस्त करून देते, सुताराला कधी पाठवू?”

“नको,” ती घाईघाईनं म्हणाली. “अजिबात नको. राहू दे तसंच.”

तिच्या मागून, कुठूनतरी आतून, काकांचा चिडका आवाज आला. “शिडी, फोन झाला की ती वरची बॅग काढून दे गं. माझा हात पुरत नाही.”

“आले, बाबा,” असं ती म्हणाली, आणि फोन ठेवायचाच विसरली. मी बराच वेळ तो कानाला लावून उभी होते. कपाटाचं वरचं दार उघडल्याचा आवाज मला ओळखू आला.