कोल्ह्यांच्या पायांवरच्या चिरा

हाडं धुणारी बाई, एवढीच तिची संग्रहालयात ओळख. अकरा वर्षं ती तळघरातल्या लांब टेबलाशी बसून उत्खननातली हाडं मऊ ब्रशाने धूत होती, वाळवत होती, काळ्या शाईने त्यांच्यावर आकडे घालत होती. आता कुठे नोकरी कायम व्हायची वेळ आली होती. विभागप्रमुखांच्या सहीचा तेवढा अवकाश होता.

आणि नेमके कोल्हे आडवे आले.

चौदा कोल्हे, हजारो वर्षांपूर्वीचे, एका घराच्या उंबऱ्याशी खड्ड्यात पुरलेले. प्रमुखांनी प्रदर्शनाची पाटी रंगवूनही घेतली होती: 'माणसाचे लाडके सोबती'. उतावळा नवरा गुडघ्याला बाशिंग!

पण पायांच्या खालच्या हाडांवर चिरा होत्या. बारीक, सरळ, एकीखाली एक. मांड्यांच्या आणि खांद्यांच्या हाडांवर मात्र एकही ओरखडा नव्हता. म्हणजे मांसाला कुणी हात लावला नव्हता, कातडं तेवढं सोललं होतं. तिने कार्डावर तसंच लिहिलं: 'सुरीचे घाव. कातड्यासाठी.'

प्रमुख ते कार्ड नाचवतच खाली आले.

"हे काय लिहिलंय? झाडाच्या मुळांचे ओरखडे आहेत ते. नवीन कार्ड करा."

"मुळं नागमोडी जातात, साहेब. या सरळ आहेत. भिंगातून बघा ना."

"तीस वर्षं शिकवतोय मी हे."

"मग दिसायला हवं होतं."

बोलून गेली आणि तिचं तिलाच नवल वाटलं. प्रमुखांचा पारा चढला.

"तुम्ही कुठल्या विद्यापीठात शिकलात हो?"

हा प्रश्न ती अकरा वर्षं टाळत आली होती. वडील खाटीक, हे तिने इथे कुणाला कळू दिलं नव्हतं. लाज वाटायची. आज त्या लाजेचीच तिला चीड आली.

"वडिलांच्या दुकानात. खाटीक आहेत ते. नऊ वर्षांची होते तेव्हापासून कातडी सोललीयत मी. पायाशी आधी गोल चीर द्यायची, नाहीतर कातडं फाटतं. हे कोल्हे ज्याने सोलले ना, त्याचा हात माझ्या बापासारखा बसलेला होता."

"वाटलंच मला," प्रमुख म्हणाले. "तुमची फाईल माझ्याच टेबलावर आहे, विसरू नका."

नोकरी कायम झालीच समज, असं तिने परवाच आईला सांगून टाकलं होतं.

तिने कोरं कार्ड पुढे ओढलं. प्रमुख जरा निवळले. तिने पहिलेच शब्द पुन्हा लिहिले, या खेपेला ठसठशीत. 'तपासणी' या रकान्यात आजवर सही प्रमुखांची असायची. तिथे तिने स्वतःचं नाव घातलं, आणि मधलं वडिलांचं नाव नुसत्या आद्याक्षरावर न भागवता पूर्ण लिहिलं.

"फाईलचं काय ते तुम्ही बघा, साहेब," शाईवर फुंकर घालत ती म्हणाली. "कोल्ह्यांचं मी बघितलंय."