फटफटीची वाटणी

रंभाजीला आपल्या डोक्याचा लई अभिमान. त्याच डोक्यानं त्याचं वाटोळं केलं, हे त्याला एकट्याला सोडून केडगावाच्या पलीकडच्या त्या अख्ख्या वस्तीला कळून चुकलं होतं.

दोघं भाऊ वेगळे निघाले ते एकाहत्तरच्या उन्हाळ्याच्या तोंडावर. कारण बघायला गेलं तर चिमूटभर. सरपणावरून जावाजावांची जुंपली, त्यात नवरे पडले, आणि बोलता बोलता तोंडातून असं काही निघून गेलं की ते कुणालाच परत घेता येईना. सूर्यभान पाटलानं पंच बसवले. रीत ठरलेली होती. थोरल्यानं वाटे पाडायचे आणि धाकट्यानं आधी उचलायचं, म्हणजे वाटे पाडणाऱ्याला लबाडी करायला जागा राहत नाही. थोरला रंभाजी, धाकटा जालिंदर.

जागा राहत नाही ती साध्या माणसाला. रंभाजीला जमीनही नको होती आणि अंगणही नको होतं, त्याला हवी होती फटफटी. फटफटी म्हणजे इंजिन बसवलेली सायकल, पलटणीतून सुटून आलेल्या एका माणसाकडून दोघा भावांनी मिळून घेतलेली, जुनीच. तिला दोन्ही बाजूंनी दुधाच्या कॅना अडकवून रंभाजी रोज सकाळी नगरला जायचा. एस. टी. स्टँडाजवळ गोरक्षनाथाचं हॉटेल होतं, तिथं त्याचा रतीब. पहिल्या गाड्यांची गर्दी उसळायच्या आत दूध भट्टीजवळ आलं पाहिजे, एवढीच गोरक्षशेठची अट. म्हशी दोघांना सारख्याच येणार होत्या, पण दूध वेळेवर नेईल त्याचाच रतीब टिकणार, आणि रतीब टिकेल त्याचीच चूल नीट पेटणार. म्हणून या शहाण्यानं फटफटीच्या वाट्यात मुद्दाम मुरमाड पट्टी टाकली आणि घराची मागची बाजू टाकली, जिचं दार ओढ्याच्या वाळूत उघडायचं. दुसऱ्या वाट्यात काळी जमीन, घराची पुढची बाजू आणि पुढचं अंगण. जालिंदर जमिनीला हपापलेला, तो डोळे झाकून काळ्या रानावर झडप घालणार हे याला पक्कं ठाऊक होतं. त्यानं घातलीही. पंच चहा पिऊन उठले तेव्हा रंभाजीला हसू लपवता लपवता पुरेवाट झाली.

दुसऱ्या दिवशी सकाळी धारा काढून, कॅना लावून तो सवयीनं फटफटी घेऊन पुढच्या अंगणात आला आणि जागच्या जागी थांबला. अंगणापासून सडकेपर्यंत चांगला उतार होता. फटफटी इतकी वर्षं तिथूनच सुरू व्हायची. मुठीजवळची दांडी दाबून धरायची, गाडी उतारावर सोडायची, वेग आला की दांडी सोडायची, की इंजिन पकडलंच. आज त्या उताराच्या तोंडाशी बाभळीच्या काट्यांची कुपाटी आडवी पडली होती. कुपाटीजवळ बाजेवर बसून जालिंदर बशीतला चहा फुंकत होता. त्यानं भावाकडं न बघताच सांगितलं, की अंगण आता माझं हाय, ज्यानं त्यानं आपापल्या दारानं जावं. वाटे पाडताना त्यानं सगळा विचार केला होता, फक्त फटफटी सुरू कुठून करायची हे त्याच्या ध्यानातच आलं नव्हतं.

पण माघार घेईल तो रंभाजी कसला. त्यानं फटफटी मागच्या दारी नेली, स्टँडवर चढवली आणि वर बसून पायडल मारायला लागला. चेन सैल झाली होती, दात सोडून उडायची, आणि याची पोटरी दर वेळी पायडलला सडकून घ्यायची. इंजिन नुसतं खोकलं. मग त्यानं गाडी खाली घेऊन बसल्या बसल्या पायडल मारून बघितलं, तर ओढ्याच्या वाळूत चाक रुतलं. मग मूठ धरून शेजारनं पळत सुटला. दांडी सोडली की मागचं चाक जाम व्हायचं आणि हा कॅनांसकट आडवा. त्याची बायको सुमनबाई हे सगळं दारात उभी राहून बघत होती. तिनं एवढंच विचारलं, की दूध डोक्यावर घेऊन मी निघू का. रंभाजीनं तिला असली शिवी हासडली की ती पाय आपटत घरात निघून गेली.

त्या दिवशी तो शेवटी सायकलीसारखं पायडल मारतच नगरला पोचला, घामानं निथळत. भरल्या कॅनांच्या ओझ्यानं सडकेवरही इंजिन पकडण्याइतका वेग काही आला नाही. गर्दी येऊन गेलेली, आणि एका कॅनमधलं दूध उन्हानं नासलेलं. गोरक्षशेठनं ते गटारीत ओतायला लावलं.

पुढचे दिवस तर विचारूच नका. कुणी सांगितलं प्लग ओला होतोय, म्हणून रोज पहाटे प्लग काढून चुलीत तापवायचा आणि फडक्यात धरून पळत येऊन बसवायचा. सुमनबाईची भाकरी तव्यावर करपायची ती वेगळीच. कुणी म्हणालं पेट्रोल जास्त येतंय, कॉक बंद करून मार. कुणी म्हणालं कमी येतंय. एकदा त्यानं फटफटी दोरानं बैलाच्या मागं बांधली. त्या दिवशी इंजिन सुरू झालं बरं का. पण मागून असा काही बार निघाला की बैल शेपूट वर करून ओढ्यातून उधळला, फटफटी फरफटत गेली आणि दूध वाळूनं पिऊन टाकलं. वस्ती पोट धरून हसली. सगळ्यांत मोठ्यानं हसली जालिंदरची बायको केशरबाई, आणि ते हसणं रंभाजीच्या काळजात काट्यासारखं रुतून बसलं. भावाशी बोलायचं त्याच्या मनात एकदाही आलं नाही असं नाही. पण त्या दारात उभं राहून तोंड उघडायचं, त्यापेक्षा जीव दिलेला बरा, असं त्याला वाटायचं.

शेवटी गोरक्षशेठनं निर्वाणीचं सांगितलं. माणूस वाईट नव्हता, पण गिऱ्हाइकाला काळा चहा पाजून त्याचं हॉटेल चालणार नव्हतं. उद्या गर्दीच्या आत दूध आलं तर आलं, नाहीतर पुन्हा येऊच नको, म्हणाला.

दुसऱ्या दिवशी उजाडता उजाडता रंभाजी कुऱ्हाड घेऊनच पुढच्या अंगणात शिरला. बाभळीच्या फांद्या त्यानं सपासप तोडून बाजूला फेकल्या. हात रक्तबंबाळ झाले, पण त्याला त्याचं काही नव्हतं. सुमनबाई मागनं कॅना लावलेली फटफटी ढकलत घेऊन आली आणि बाजूला झाली. जालिंदर घरातून बाहेर आला. रंभाजीला वाटलं आता हा अंगावर येणार. त्यानं कुऱ्हाड हातातच ठेवली आणि म्हणाला, “आज आडवा आलास तर भाऊ म्हनून बघनार न्हाई मी.”

जालिंदर आडवा आला नाही. तो दाराच्या चौकटीला टेकून हाताची घडी घालून उभा राहिला.

रंभाजीनं कुऱ्हाड टाकली, फटफटीवर बसला, दांडी दाबली आणि गाडी उतारावर सोडली. चाकं फिरायला लागली. नेहमीचा वारा काही तोंडाला लागेना. त्यानं दांडी सोडली. इंजिननं एक गचका दिला आणि गाडी उतारावरच उभी राहिली. त्यानं शिव्या देत ती वर ओढत आणली, पुन्हा सोडली. पुन्हा तोच गचका. तिसऱ्यांदा वर आणताना त्याला धाप लागली, डोळ्यांपुढं काजवे चमकले. सडकेवरून पुण्याकडनं येणारी गाडी नगरला निघून गेली. ती गेली म्हणजे स्टँडावर गर्दी व्हायला किती वेळ उरला हे त्याला पाठ होतं.

“प्लग बगा जरा,” सुमनबाई हळूच म्हणाली.

“प्लगला काय झालं न्हाई, वैनी,” जालिंदर दारातूनच म्हणाला. आवाज चढलेला नव्हता, म्हणून तो जास्तच लागला. “अन् उताराला जोर कवाच नव्हता. कॅना भरल्या की ह्यो उतार ती गाडी वडत न्हाई. रोज मागनं ढकलीत हुतो मी, पार सडकेपातुर, अनवानी. दादानं कदी मागं वळून बगितलं न्हाई.”

रंभाजीच्या हातातली मूठ तशीच राहिली. खरंच, मागं कधी बघितलं नव्हतं. इंजिन पकडलं की धुरळा उडवत नगरची वाट धरायची, मागं कोण राहिलं, त्याला धाप लागली की नाही, हे बघायचं काही कामच पडलं नव्हतं. वाटे पाडताना त्यानं एकेक शेणी मोजली होती, पण रोज पाठीवर पडणारा तो रेटा कुणाच्या वाट्यात टाकायचा हे त्याच्या मनातही आलं नव्हतं.

भाऊ चार हातांवर उभा होता. एक शब्द टाकला असता तरी पुरला असता. ‘हात लाव’ एवढंच म्हणायचं होतं. रंभाजीनं तोंड उघडलंही, पण दुसऱ्याच क्षणी केशरबाई पदर सावरत दारात आली. त्यानं मान खाली घातली आणि पायडलशी उगाच चाळा करत राहिला.

जालिंदरनं थोडा वेळ वाट बघितली. मग घरात जाऊन आपल्या साध्या सायकलीला कॅना अडकवून बाहेर आला.

“गोरकशेटनं सांगून ठिवलंय मला,” तो सायकल भावाच्या बाजूनं काढत म्हणाला, “दादा आला न्हाई तर तू ये म्हनून. मी लई दिस थांबलो हुतो.”

तो सडकेला लागला आणि दोन्ही पायांनी जोर काढत नगरकडं निघून गेला. केशरबाईनं तोडलेल्या फांद्या एकेक करून पुन्हा उताराच्या तोंडाशी ओढायला सुरुवात केली. सुमनबाईनं दोन्ही कॅना उतरवून घेतल्या आणि नवऱ्याकडं बघितलं. ऊन अंगणात आलं होतं.

“ह्या दुधाला लावायला ईरजान हाय का घरात?” रंभाजीनं विचारलं.

“सकाळीच टाकून ठिवलंय रिकाम्या पातेल्यात,” ती म्हणाली, आणि कॅना घेऊन मागच्या दाराकडं चालू लागली.